मदत हवी आहे: मराठी एडिटरमध्ये फ्लायवेट वापरताना की कशाची ठेवावी?

नमस्कार मंडळी,

जुनी मराठी पुस्तकं टाइप करून पानं लावता यावीत म्हणून जावामध्ये एक एडिटर लिहिते आहे. पानावरच्या प्रत्येक अक्षराचं एक ऑब्जेक्ट आहे: बाह्यरेषा, फॉन्ट, रंग, जागा सगळं त्यातच. लेख उघडला तर काही जाणवत नाही, पण जाड कादंबरी उघडली की मेमरी संपते. एका बाह्यरेषेत ३० बिंदू धरले तर फ्लोटमधले नुसते सहनिर्देशक २४० बाइट होतात. १० लाख अक्षरांना २४० एमबी, आणि त्यात तोच ‘र’ पुन्हा पुन्हा.

म्हणून फ्लायवेटकडे वळले, म्हणजे सारखा भाग एकदाच साठवून सगळ्यांनी तोच वापरायचा. बाह्यरेषा आणि फॉन्ट शेअर करायचे, जागा आणि रंग बाहेर ठेवायचे, इथवर ठीक. घोडं अडतं ते देवनागरीपाशी. इंग्रजी उदाहरणांत शेअर केलेलं ऑब्जेक्ट शोधायच्या हॅशमॅपची की (शोधायची खूण) म्हणून कॅरेक्टर दिला की भागतं. आपल्याकडे ‘क्ष’मध्ये कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) तीन, आकार एक. ‘कि’ची वेलांटी साठवली जाते नंतर, दिसते आधी. आणि चांगल्या फॉन्टमध्ये ‘णि’ची वेलांटी ‘रि’पेक्षा रुंद असते, म्हणजे कोडपॉइंट तोच असून आकार वेगळा!

अख्ख्या जोडाक्षराची की ठेवू का? मग ‘स्त्री’, ‘ष्ट्रा’ करत मॅप फुगतच जाईल अशी भीती वाटते. देवनागरीसाठी कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, फॉन्ट आणि ग्लिफ (फॉन्टमधला एक तयार आकार) क्रमांक मिळून की करा. मजकूर फॉन्टच्या ‘लेआउटग्लिफव्हेक्टर’मधून काढा (‘क्रिएटग्लिफव्हेक्टर’ नको, ते शेपिंग, म्हणजे कोडपॉइंटवरून योग्य आकार निवडून लावणं, करत नाही). ओपनजेडीके ९ पासून तिथे हार्फबझ हे शेपिंग करणारं इंजिन आहे. जोडाक्षर जुळवणं, वेलांटी पुढे आणणं, रुंद वेलांटी निवडणं तिथेच उरकतं आणि हाती क्रमांक येतो. एका फॉन्टमध्ये फार तर ६५,५३५ ग्लिफ मावतात, त्यामुळे मॅप फुगायची भीती नाही. बाह्यरेषा एकाच मापात ठेवून रेखाटताना स्केल केली की टाइपाचा आकारही कीमध्ये लागत नाही.

शेअर केलेल्या ऑब्जेक्टला एकही सेटर (आतली किंमत बदलणारी मेथड) देऊ नका. एक ‘र’ लाल करायला जाल आणि पुस्तकभरचे ‘र’ लाल होतील.

आणखी एक. जागेचे दोन फ्लोट आणि एक रेफरन्स एवढंच ठेवलं तरी ६४ बिटच्या हॉटस्पॉटवर (जावाचं नेहमीचं व्हर्च्युअल मशीन) ऑब्जेक्टचं हेडर धरून प्रत्येक अक्षराला २४ बाइट जातात. त्याऐवजी क्रमांक, आडवी जागा आणि उभी जागा असे तीन साधे अ‍ॅरे ठेवलेत तर १२ बाइटांत भागेल. रंग अक्षरागणिक न ठेवता सलग तुकड्याला एकदाच ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार! पण मग कर्सर कुठे ठेवायचा? ग्लिफवरून मूळ मजकुरातली जागा कशी काढू?

प्रतिसाद १

त्याच व्हेक्टरवर ‘गेटग्लिफकॅरइंडेक्स’ आहे. ते आकडे चौथ्या अ‍ॅरेत भरा आणि व्हेक्टर सोडून द्या.