मदत हवी आहे: उललेल्या काळ्या रानाची गोधडी, तुकडे कुठल्या क्रमानं जोडू?

जिरायती:
नमस्कार मंडळी. आईच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवायची आहे. लुगडी बहुतेक गडद आहेत. चंद्रकळा, इरकली, एक काळपट जांभळं, एक मातकट. सगळी शेजारी शेजारी पसरली तेव्हा मला आमचं परभणीकडचं वैशाखातलं रान दिसलं. कापूस-तूर निघून गेलेली, भुई उललेली, पाय अडकेल एवढ्या भेगा. तसंच करायचं ठरवलंय.

रानाचा वरून काढलेला फोटो मोठा छापून घेतला, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून भेगा गिरवल्या आणि चाळीसेक तुकड्यांचा नकाशा केला. गोधडी साधारण पाच बाय सात फूट. मशीन चालवता येतं, पिशव्या, अभ्रे, चौकोनी तुकड्यांची साधी गोधडी एवढं शिवून झालंय. पण हे वेडेवाकडे तुकडे जोडायची सुरुवात कुठून करायची? मधल्या तुकड्यापासून बाहेर जायचं म्हटलं तर जागोजागी आत गेलेला कोपरा येतो आणि तिथं मशीन वळवता येत नाही.

दुसरं, काळ्याला काळं जोडल्यावर भेग दिसणार कशी? आणि चंद्रकळेचा रंग बाकीच्यांना लागेल का?

षटकोनी तुकडे सुचवू नका, ही विनंती. निसर्गातली नक्षी म्हटलं की सगळे मधमाशीच्या पोळ्यावर जाऊन बसतात.

खडकवासी:
शिवणातलं मला काही कळत नाही, भेगांतलं थोडं कळतं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, त्या ताणानं भेग पडते. पहिली भेग पडली की तिच्या काठाजवळ तिला आडवा असलेला ताण सुटतो, भेगेला समांतर असलेला तेवढा उरतो. म्हणून नंतरची भेग पहिलीला बहुधा काटकोनात येऊन भिडते आणि तिथंच थांबते. म्हणजे सांधा इंग्रजी टी सारखा. वायसारखे तीन सारखे फाटे थंड होणाऱ्या लाव्हात दिसतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब आठवा. माती पुन्हा पुन्हा भिजून वाळली तर तिच्यातही सांधे हळूहळू वायकडे झुकतात, त्यामुळे तुमच्या फोटोत दोन्ही सापडतील. पण टी जास्त असतील तर कुठली भेग आधीची, कुठली नंतरची हे नकाशावरून ओळखता येईल. शिवायला याचा उपयोग होतो का ते जाणकारांनी सांगावं.

धावदोरा:
उपयोग होतो का काय विचारता, खडकवासी! दादांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरच आहे हे. जमीन ज्या क्रमानं फाटली त्याच्या बरोबर उलट क्रमानं शिवायचं.

जिरायतीदादा, नकाशावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग गेलेल्या रेघेला एक नंबर द्या. तिला येऊन थांबणाऱ्या रेघा दोन नंबर, त्यांच्यावर थांबणाऱ्या तीन. मग सगळ्यात मोठ्या नंबरच्या छोट्या रेघा आधी शिवा. दोन तुकड्यांचा एक होतो, तो शेजारच्याला जातो, आणि शेवटी दोन मोठे भाग उरतात, ते एक नंबरच्या लांब शिवणीनं जोडायचे. प्रत्येक शिवण सरळ, आत गेलेला कोपरा एकही नाही. जिथं वाय आहे तिथं दोन फाटे एका सरळ रेघेत आणा आणि तिसरा त्यावर टेकवा. रान काही तक्रार करणार नाही. बारीक वळणंही सरळ करून घ्या.

एक फसवी जागा तेवढी तपासा. एखाद्या तुकड्याभोवती चार रेघा अशा फिरतात की पहिली दुसरीवर थांबते, दुसरी तिसरीवर, तिसरी चौथीवर आणि चौथी परत पहिलीवर. भिंगरीच. तिथं पहिला नंबर कुणालाच देता येत नाही. मग मधल्या तुकड्याला पहिला शेजारी अर्धाच शिवायचा, पुढचे तिघं ओळीनं पूर्ण जोडायचे आणि शेवटी ती अर्धी शिवण पुरी करायची.

भेग दिसण्यासाठी प्रत्येक शिवणीत पट्टी घाला. एक इंच रुंद कापायची, दोन्हीकडून पाव पाव इंच शिवणीत गेली की अर्धा इंच दिसते. यात एक सोय आहे. कागदी नमुना रेघेवर कापलात की कापडही नेमकं त्याच मापानं कापायचं, शिवणीची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, वेगळी सोडायची नाही. तुकड्याचा जितका भाग शिवणीत जातो तितकीच जागा पट्टी भरून काढते. माया फक्त गोधडीच्या बाहेरच्या कडांना. कापण्याआधी प्रत्येक कागदावर नंबर, वरची बाजू आणि उभ्या धाग्याचा बाण काढा. तिरक्या कडा उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरप्या, येतात आणि शिवताना ताणल्या जातात, तिथं आधी टाचण्या लावा.

इस्त्री करताना शिवण तुकड्याच्या बाजूला दाबा, पट्टीच्या बाजूला नको. म्हणजे ढेकूळ वर उठतं आणि भेग खाली जाते.

सुईत_ओवा:
सगळं बरोबर, पण मला एवढं मोजमाप पाहूनच झोप येते. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती पाहा. खाली अख्खं लुगडं, वर जुने तुकडे कडा आत मुडपून ठेवत जायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं हातानं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. नमुना नाही, जोडणी वेगळी नाही, तुकडा बसवणं आणि गोधडी शिवणं एकदमच. एकाच्या कडेवर दुसरा येतो, त्यामुळे तुमचे टी आपोआप होतात. चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत.

रंगाचं म्हणाल तर पांढरा फडका ओला करून चंद्रकळेवर घासा. काळा लागला तर ती वेगळी, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मीठ-व्हिनेगरनं रंग पक्का होत नाही, लोक उगाच सांगतात. कापड उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी ओढून पाहा. बसण्याचा भाग बहुधा विरलेला असतो, तो आतल्या थरात घाला. निऱ्यांतला भाग वर घ्या.

जिरायती:
धावदोराताई, नंबर देऊन पाहिले. भिंगऱ्या दोन निघाल्या. एक भिंगरी रेघ जरा लांबवून मोडली, दुसरी तशीच ठेवतो, अर्धी शिवण करून बघायचीच आहे. सुईत_ओवा, कवंदी आवडली, पण हातानं एवढं शिवायला डोळे साथ देणार नाहीत. जोडणी मशीनवर आणि वरचा धावदोरा तेवढा हातानं, असं करतो.

आता पट्टीचा रंग. इरकलीचे लाल काठ आहेत, ते भेगांत घालावेत असं घरच्यांचं मत. मला पटत नाहीये.

धावदोरा:
मलाही नाही. काठ जाड असतो, टीच्या सांध्यावर थर साचून सुई मोडेल. आणि लाल भेगा म्हणजे रान जळल्यासारखं दिसेल. चंद्रकळा पट्ट्यांना वापरा, तुकडे जांभळ्या-मातकटाचे आणि इरकलीच्या अंगाचे. काठ बाहेरच्या चौकटीला लावा, बांधासारखे. वरचा धावदोरा प्रत्येक ढेकळाच्या कडेला समांतर, बोटभर अंतरानं आत आत न्या, आणि दोरा मातीच्या रंगाहून एक छटा उजळ घ्या. गडदावर गडद दोरा घातलात तर केलेलं काम दिसणारच नाही.

जिरायती:
मग चंद्रकळा पुरेल का ते आज मोजतो. चाळीस तुकड्यांच्या भेगांची लांबी नकाशावर सुतळी फिरवून काढतो आणि इथं कळवतो.