मदत हवी आहे: सड्यावरील सौर प्रकल्पाच्या 11 केव्ही वाहिनीच्या परवानग्या एकत्र कशा मिळवाव्यात?

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या ग्रामसभेने सड्यावरील, म्हणजे कातळाच्या पठारावरील, सुमारे चार हेक्टर कातळपड 2 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव केला आहे. पावसाळा सरल्यावर काही महिन्यांत पॅनेल उभी राहतील असे कंपनी म्हणते आणि ते पटण्यासारखे आहे. अडचण आहे ती 33/11 केव्ही (33 किलोव्होल्टची वीज 11 वर आणणाऱ्या) उपकेंद्रापर्यंत न्यावयाच्या वाहिनीची. सरळ रेषेत अंतर साडेतीन किलोमीटर भरते. पण वाटेत खाडीचा फाटा, त्याच्या काठची कांदळवने, हापूसच्या बागा आणि सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ अशी नोंद असलेला उतार आहे. सड्यावर कातळशिल्पेही आहेत. खांबांच्या खुणा करताना ती जागा आम्ही चुन्याने आखून वगळून घेतली.

वन खात्याला अंतिम आखणी हवी आहे आणि आखणी अंतिम करायची तर बागायतदारांची संमती लागते. बागायतदार विचारतात, तारा खाडीवरून जाणार हे आधी नक्की झाले आहे का? तसे झाले नाही तर वाहिनी वरच्या वाडीतून वळेल आणि त्यांच्या कलमांचा प्रश्नच उरणार नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यामुळे कोणताच कागद पुढे सरकत नाही.

मोबदल्याचाही घोळ आहे. केंद्र सरकारच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीला तिच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालील पट्ट्याला 30 टक्के मोबदला मिळतो, हे गावात सर्वांना ठाऊक आहे; त्या सूचना 66 केव्ही व त्यावरील पारेषण वाहिन्यांसाठी आहेत, हे मात्र कोणी ऐकून घेत नाही. त्यात अर्ध्या सातबाऱ्यांवरचे सहहिस्सेदार मुंबईला. अशा परिस्थितीत अर्ज कोणत्या क्रमाने करावेत आणि सर्व कार्यालयांची संयुक्त पाहणी कोणाकडे मागावी?

प्रतिसाद 1:

वाहिन्यांच्या सर्वेक्षणाचे काम केले आहे, त्या आधारे लिहितो. पहिला अर्ज उपकेंद्राच्या तांत्रिक व्यवहार्यतेचा करा. 2 मेगावॅट म्हणजे 11 केव्हीवर साधारण 105 अँपिअर. कोकणात दुपारी गावाची मागणी कमी असल्याने उरलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट 33 केव्हीकडे चढेल, आणि ते त्या उपकेंद्राला झेपणार नसेल तर बाकीचे अर्ज व्यर्थ आहेत.

दुसरे, खाडी ओलांडण्याचा विचार शक्यतो सोडून द्या. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनांभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात सार्वजनिक सेवेच्या वीजवाहिन्यांना वाव ठेवला आहे, परंतु सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागतेच. आणि कांदळवन तोडावे लागणार असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालामुळे परवानगीसाठी प्रकरण त्याच न्यायालयापर्यंत जाते. शिवाय खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि पहिल्या पावसाच्या भुरभुरीत वाहिनी ट्रिप होते, ती वेगळीच. रस्त्याच्या कडेने खांब आणि पुलावरून केबल नेल्यास अंतर वाढेल, खर्चही वाढेल. पण बागा, कांदळवने आणि सहहिस्सेदार या तिन्हींऐवजी मुख्यतः रस्त्याच्या मालकाशी बोलावे लागेल. एवढ्या लहान प्रकल्पासाठी मी तोच मार्ग निवडेन.

‘खाजगी वन’ नोंदीच्या उताराचा तुकडा टळत नसेल तर वनहक्क कायदा 2006 चे कलम 3(2) पाहा. एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीने वीजवाहिनीला जमीन देता येते; मात्र ती सुविधा शासनाच्या व्यवस्थापनाखाली हवी. म्हणून वाहिनी उभारल्यावर महावितरणकडे हस्तांतरित होणार का, हे करारात आधीच लिहून घ्या. दोन्ही मार्ग गट क्रमांकांसह एकाच नकाशावर दाखवून संयुक्त पाहणीचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि प्रती सर्व कार्यालयांना पाठवा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. रस्त्याचा मार्ग आम्ही लांब म्हणून बाजूला ठेवला होता, तो आता नकाशावर घेतो. एक शंका उरते: आमचा रस्ता जिल्हा परिषदेचा, पण त्यावरील पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. केबलसाठी दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागेल का? कोणी असे काम केले असल्यास कृपया लिहावे.