गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर वाळलेला गोंद: कुणी कसा काढला? (सातारा-सांगलीकरांनी अनुभव लिहा)

गोडोली, सातारा

मंडळी, वडिलांची जुनी गाडी द्यायला काढलीय म्हणून गेल्या रविवारी आतून साफ करायला घेतली. डॅशबोर्डवर ११ वर्षं गणपती बसलेला. आईनं हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, मग मी मूर्ती हळूहळू हलवून उचलली. मूर्ती निघाली पण खाली पाच रुपयाच्या नाण्याएवढा पिवळट, काचेसारखा कडक थर तसाच राहिला आणि त्याच्या भोवती धूर बसल्यासारखी पांढरी झाक. डबल टेप सुटत होता म्हणून मधी कधीतरी त्यात फेविक्विक सोडलेलं. शेजारच्या काकांनी लगेच थिनरची बाटली पुढं केली, मी म्हणलं काका थांबा जरा.

आधी ग्लोव्ह बॉक्स उघडून आतनं मोबाईलची बॅटरी मारून बघितलं. प्लास्टिकच्या पार्टच्या मागच्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं असतात, ती वाचा. माझ्यात पीपी आणि पुढं टीडी २० असं होतं, डॅशबोर्डच्या खालच्या कडेलाही तेच. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि टीडी २० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची पूड घातलेली. वाचून जीव भांड्यात पडला, कारण पीपीला गोंद तसा धड धरतच नाही.

मग पिशवीत बर्फ घालून १० मिनिटं त्या थरावर धरला, गार झालं की फेविक्विक ठिसूळ होतं. जुनं एटीएम कार्ड जवळजवळ आडवं धरून कडेला दाबलं तर टक् करून अर्धा थर उडाला, नखाएवढी कपची थेट मागच्या सीटवर. (डोळ्याला चष्मा लावा, खरंच.) उरलेला गोंद डॅशबोर्डच्या त्या दाणेदार खड्ड्यांत बसलेला, तो कार्डानं निघणार नव्हता. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून वर ठेवलं, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद, आणि दोन तास तसंच. नंतर मऊ टूथब्रशनं गोल गोल. असं तीनदा केलं तेव्हा दाणे मोकळे दिसायला लागले. पांढरी झाक खोबरेल तेलाच्या एका थेंबानं गेली आणि वर शाम्पूच्या पाण्यानं पुसलं.

आता तुम्ही लिहा. कुठला गोंद, कुठलं प्लास्टिक, काय लावलं. आणि बिघडलं असेल तर ते तर नक्की लिहा, दुसऱ्या कुणाची तरी गाडी वाचेल.

कराड

माझं बिघडलेलं लिहितो. स्टिरिओच्या भोवती चकचकीत काळं पॅनल असतं ना, तिथं मोबाईल होल्डरच्या गोंदाचे दोन थेंब वाळलेले. बायकोच्या नेलपेंट रिमूव्हरच्या बाटलीवर अ‍ॅसिटोन नाही असं छापलेलं म्हणून बिनधास्त कापसावर घेऊन लावला. पहिल्यांदा वाटलं निघतंय, कापूस काळा व्हायला लागला, आणि मग लक्षात आलं की हा काळा रंग गोंदाचा नाही, पॅनलचाच आहे. वाळल्यावर तिथं चिकट, मळकट, बोटाच्या ठशासकट डाग. दोन पॉलिश आणून बघितली, काही उपयोग नाही. शेवटी पॅनल बदललं. जुनं काढल्यावर मागं वाचलं, एबीएस लिहिलेलं, म्हणजे पीपीपेक्षा वेगळं प्लास्टिक. आधी वाचायला पाहिजे होतं.

कुपवाड, सांगली

कराडच्या दादांसाठी आणि सगळ्यांसाठीच लिहितो, मी एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे, ह्याच मालात दिवसभर असतो.

अ‍ॅसिटोन नसलेल्या रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा इथाइल अ‍ॅसिटेट असतं, आणि एबीएसला तेही तसंच विरघळवतं. त्यामुळं बाटलीवरच्या त्या ओळीवर जाऊ नका. अ‍ॅसिटोन फेविक्विकला सोडवतं हे खरंय, पण एबीएस, पॉलिकार्बोनेट, अ‍ॅक्रिलिक ह्या तिघांनाही खातं. पीपीला तेवढं ते काही करत नाही. म्हणजे जिथं अ‍ॅसिटोन चालतं तिथं गोंद मुळात ढिलाच धरलेला असतो, आणि चकचकीत पॅनलवर जिथं गोंद घट्ट बसतो तिथं अ‍ॅसिटोन चालत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं नुकसान टळतं. पीपीचा स्वभावच तसा, त्याच्यावर रंगसुद्धा सरळ बसत नाही, म्हणून बंपर रंगवायच्या आधी प्रायमर मारावा लागतो नाहीतर ज्योत फिरवावी लागते.

काही जण सांगतात तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पीपी. साधं पीपी तरंगतं पण २० टक्के टाल्कवालं बुडतं, मग तुम्ही त्याला एबीएस समजणार. अक्षरं वाचणंच खात्रीचं.

अजून एक, मीटरच्या पुढची काच ही काच नसते, अ‍ॅक्रिलिक नाहीतर पॉलिकार्बोनेट असतं. तिला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे काही लावू नका. आत ताण असलेल्या प्लास्टिकला अल्कोहोल लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा जातात, त्या परत भरत नाहीत. तिथं फक्त साबणाचं पाणी आणि धीर. टचस्क्रीनचंही तेच, वरचा कोटिंगचा थर जातो.

शाहूनगर, सातारा

आमच्या पोरांनी मागच्या दोन्ही दारांवर आतून स्टिकर लावलेले, कार्टूनचे, आणि उन्हाळ्यात आम्ही गाडी दिवसभर उन्हात लावतो त्यामुळं कागद गेला आणि खाली नुसता तो चिकट राखाडी थर राहिला, त्यात धूळ, केस, बिस्किटाचा चुरा सगळं बसलेलं, बघवत नव्हतं. मी आधी घासणीनं घासलं ती चूक झाली, तेवढी जागा आता चकाकते, बाकीचं दार मॅट आणि मधी एक वाटीएवढी चमक, ऊन पडलं की लगेच दिसतं. ती पांढरी जादूची स्पंज मिळते तीसुद्धा बारीक पॉलिश पेपरसारखीच घासते हे नंतर कळलं. मग आमच्या सासूबाईंनी सांगितलं खोबरेल लावून ठेव, त्या स्टीलच्या डब्यांवरचे लेबल तसेच काढतात. कापूस तेलात बुडवून थरावर चिकटवून ठेवला, रात्रभर राहू दिला, सकाळी अंगठ्यानं चोळला तर मळीसारख्या वळकट्या होऊन निघून आला. दुसऱ्या दारासाठी निलगिरीचं तेल वापरलं, ते अर्ध्या तासात काम करतं पण वास दोन दिवस राहतो आणि जास्त वेळ ठेवायचं नाही, आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून बघितलं. शेवटी शाम्पूच्या पाण्यानं दोनदा पुसायचंच, नाहीतर तेलावर परत धूळ बसते.

मिरज

आमचं घर तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीच्या जवळ. लहानपणापासून तिथं बसायला जायचो. एक जुने कारागीर सांगायचे की पूर्वी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, वापरायचे, आणि सरसाचा गुण असा की ओली ऊब दिली की सांधा परत सुटतो, म्हणून दुरुस्ती करता येते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले, त्याच वेळी मी एकांचा भोपळा आणि सामान गाडीतून नेत होतो आणि फेविकॉलचा डबा हँडब्रेकजवळ कलंडला. मला दुसऱ्या दिवशी दिसलं. पांढरा गोंद वाळून पारदर्शक झालेला, कन्सोलच्या फटीत उतरलेला.

त्या जुन्या कारागिरांनाच विचारलं. म्हणाले, हा पाण्याचा गोंद आहे, ह्याला पाणीच दे, ब्लेड नको. कढत पाण्यात फडकं पिळून ठेवलं, निवलं की बदललं. चौथ्या फडक्याला ते पारदर्शक परत दुधासारखं पांढरं व्हायला लागलं, मला ते बघून इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पांढरं झालं म्हणजे आत पाणी शिरलं. मग बांबूच्या कामटीनं साय उचलावी तसं उचललं. फटीतलं टूथपिकनं काढलं. एक डागसुद्धा नाही. फक्त जवळ बटणं, वायर असतील तर फडकं घट्ट पिळा, पाणी आत जाऊ देऊ नका.

वाई

एकच सांगतो. हॉट एअर गन आत नेऊ नका. ती ५०० डिग्रीच्या वर जाते आणि पीपी १६० ला वितळतं. माझ्या दाराच्या पॅडला खळगा पडलाय. केस वाळवायचा ड्रायर पुरतो.

भिलवडी, ता. पलूस

२०१९ च्या पुरात आमची गाडी दारात पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, सीट काढल्या, सगळं उन्हात वाळवलं, लै वाईट दिवस होते ते. दाराच्या पॅडवरचं कापड सुटलेलं, ते एकाकडून परत चिकटवून घेतलं. त्यानं रबराचा तो पिवळा तपकिरी गोंद लावला, चपलेला लावतात तसला, आणि त्याचे ओघळ खाली प्लास्टिकवर आले. वाळून मण्यांसारखे झालेले. त्यावेळी गाडी चालू झाली हेच खूप होतं म्हणून तसंच वापरत राहिलो.

गेल्या वर्षी मनावर घेतलं. गावात सगळे म्हणाले पेट्रोल लाव. पेट्रोलनं हा गोंद सुटतो हे खरंय, पण बंद गाडीत पेट्रोलची वाफ म्हणजे जिवाशी खेळ, बॅटरीची एक ठिणगी पुरते, मी लावलं नाही. चप्पल दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मामांनी क्रेपचा तुकडा दिला, जुन्या सोलचा. ते स्वतः चपलेच्या कडेला आलेला गोंद असाच उचलतात. एकाच दिशेनं ओढायचा, मागं-पुढं घासायचा नाही. गोंद गोंदाला धरतो आणि मणी गुंडाळत गुंडाळत तुकड्याला चिकटून येतो. अगदी जुने कडक मणी होते त्यांना ड्रायरनं मिनिटभर ऊब दिली. दोन दारं, एक दुपार, काही केमिकल नाही. मामांना पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

विटा

मी टुरिस्ट गाडी चालवतो. ओला गोंद असतानाची गोष्ट सांगतो कारण ह्याबद्दल कुणी बोलत नाही. रात्री एसीच्या व्हेंटची पट्टी तुटली, ती फेविक्विकनं चिकटवताना गोंद सांडला, पटकन हाताला आलं ते कॉटन वेस्ट घेऊन पुसला. दोन सेकंदात बोटांना चटका बसला, कापसातनं धूर आला. सुती कपडा, कापूस ह्याच्यावर फेविक्विक पडलं की ते एकदम घट्ट होतं आणि खूप गरम होतं. बोटावर फोड आला. सांडलं तर पुसू नका, वाळू द्या, मग वर सातारच्या दादांनी सांगितलंय तसं काढा.

आणि स्टेअरिंगच्या मधल्या कव्हरवर नाहीतर डावीकडं एअरबॅग लिहिलेलं असतं त्या पट्टीवर गोंद असेल तर तिथं कार्ड, ब्लेड, केमिकल, ड्रायर काही चालवू नका. ते कव्हर ठरल्या जागी फाटायला बनवलेलं असतं. माझ्या गाडीत तिथं छोटा डाग आहे, मी तसाच ठेवलाय.

विश्रामबाग, सांगली

डॅशकॅमची वायर ग्लू गननं चिकटवलेली, त्या मेणासारख्या गोळ्या काढायला सगळ्यात सोप्या. मोबाईल रिपेअरवाल्याकडनं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं घेतलं, इअरबडनं गोळीच्या कडेकडेनं सोडलं, अर्धं मिनिट थांबले आणि नखानं ढकलली तर आख्खी गोळी सुटली. ते गोळीला विरघळवत नाही, खाली शिरून पकड सोडवतं. पिलरच्या दाणेदार प्लास्टिकवर केलं, काही झालं नाही. मीटरजवळ नेलं नाही.

एक विचारायचं होतं. गिअरच्या कन्सोलवर आधीच्या मालकानं अ‍ॅराल्डाइट, दोन ट्यूब मिसळून लावतात तो गोंद, लावलंय, दगडासारखं आहे. मागं पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस लिहिलंय. काय करू?

कुपवाड, सांगली

एकदा पक्कं झालेलं अ‍ॅराल्डाइट घरातल्या कशानंच विरघळत नाही ताई, त्यामुळं केमिकलचा नाद सोडा. ड्रायरनं लांबून ऊब द्या, हात टेकवून बघत राहा, हाताला सोसेना झालं की थांबा. गरम असताना ते चामड्यासारखं होतं, तेव्हा प्लास्टिकच्या कार्डानं कडेनं ढकला. निवायला लागलं की परत ऊब. नाही निघालं तर ओढू नका.

विश्रामबाग, सांगली

केलं काल संध्याकाळी, अंगणात दारं उघडी ठेवून. कार्ड दोनदा वाकलं, तिसऱ्यांदा खाली शिरलं. साधारण निम्मा थर एका तुकड्यात आला, खालचा काळा रंग शाबूत आहे. उरलेल्या निम्म्याला ढकललं तर कडेला कन्सोलची वरची साल उचलायला लागली, म्हणून तिथंच थांबले. आता ते गिअरच्या लेदर कव्हरखाली जवळजवळ झाकलं जातंय. नवीन कन्सोल मिळतोय का बघते, नाही मिळाला तर असंच राहू देत.