९६० कार्डावर १६५ हर्ट्झचा मॉनिटर लावलाय, ६० च्या पुढे जाईना

जुनाच_डबा:
मंडळी जरा मदत करा. पीसी जुना आहे, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ९६०, २ जीबीवालं. परवा नवीन मॉनिटर घेतला, १०८०पी, खोक्यावर मोठ्ठं १६५ हर्ट्झ लिहिलंय. जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल टेबलामागून आधीच ओढलेली होती म्हणून तीच खुपसली, चित्र आलं, पण माउस हलवून बघतोय तर फरक काहीच जाणवेना, शेवटी मॉनिटरच्या मेनूत बघितलं तर ६० हर्ट्झ! ड्रायव्हर अपडेट केला, दोनदा रीस्टार्ट मारला, तेच. मित्र म्हणतो कार्डच बदल. खरंच म्हातारं झालंय का ते, की मीच काहीतरी येडेपणा करतोय?

रात्रपाळी:
९६० ला १६५ कशाला पाहिजे भावा, नवीन गेमला ६० एफपीएस देतानाच धापा टाकतं ते. आधी कार्ड घ्यायचं मग मॉनिटर.

केबलवाला_काका:
अरे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी नका करू. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, आणि एफपीएस म्हणजे कार्ड किती चित्रं काढून देतं ते. गेममध्ये कार्ड दमेल, मान्य, पण डेस्कटॉप, माउस, ब्राउझर हे १६५ ला चालवायला ९६० ला काहीच जड नाही. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर बसते, १६५ ला जेमतेम ६, तो फरक नुसतं स्क्रोल करतानाही कळतो.
आणि वयाचं म्हणाल तर ९६० हे २०१५ चं कार्ड, त्याला एचडीएमआय २.० आहे म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, १०८०पी १६५ त्यात आरामात बसतं.
आता बघायचं काय, तर पहिलं म्हणजे केबल कार्डाच्याच पोर्टात आहे ना, मदरबोर्डच्या नाही ना? हसू नका, मी स्वतः एकदा आठवडाभर तसा वापरलाय. मग विंडोज सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रेट म्हणजे हर्ट्झचा आकडा निवडता येतो, तो आपोआप वर जातोच असं नाही. तिथेही ६० च दिसला तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशन उघड. एचडीएमआयवर असताना ते मॉनिटरला टीव्ही समजतं आणि यादीत वरती टीव्हीची रिझोल्यूशन्स दाखवतं, त्यातलं १०८०पी घेतलंस की अडकलास. यादी खाली सरकव, 'पीसी' असं हेडिंग येईल, त्याखाली १९२० बाय १०८० परत एकदा असेल. ते निवड आणि मग रेट बघ.

जुनाच_डबा:
काका _/\_ तेच होतं!! खाली पीसीमध्ये १४४ आलं. माउस लोण्यासारखा झालाय. पण १६५ यादीत नाहीच, ते कुठे गेलं?

केबलवाला_काका:
बऱ्याच मॉनिटरचा एचडीएमआय पोर्टच १४४ पर्यंत असतो, वरचं फक्त डिस्प्लेपोर्टवर (डीपी, एचडीएमआयसारखाच दुसरा पोर्ट). मॅन्युअलमध्ये पोर्टनुसार आकडे दिलेले असतात. काही मॉनिटरना मेनूत ओव्हरक्लॉक (नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणं) नावाचा पर्यायही चालू करावा लागतो. डीपी ते डीपी सरळ केबल लाव, मध्ये कन्व्हर्टर नको.

६६०_अजून_जिवंत:
मधेच घुसतोय सॉरी, माझं जीटीएक्स ६६०, मॉनिटर १४४ चा, पण पीसीवाल्या यादीतही १२० च्या वर नाही. माझंही तेच का?

केबलवाला_काका:
नाही, तुझं खरंच पोर्टाचं दुखणं आहे. ६६० ला एचडीएमआय १.४, त्याच्या पिक्सेल क्लॉकची, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल पाठवता येतात त्याची, मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ. १०८०पी ६० ला १४८.५ लागतात, १२० ला २९७, आणि १४४ अगदी काठावर जातं, कधी बसतं कधी नाही. पण त्याच कार्डाला डीपी १.२ असतो, तो वापर, विषय संपला. मॉनिटर जुना असेल आणि त्याला डीव्हीआय हा जुना पोर्ट असेल तर ड्युअल लिंक केबलनेही १४४ चालतं, फक्त पिना मोजून घे, २४ पाहिजेत, १८ वाली सिंगल लिंक असते आणि दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच.

जुनाच_डबा:
वाट लागली राव. मित्राची डीपी केबल आणून लावली, पीसी चालू केला, स्क्रीन काळी. बायोसचा (चालू होताना पहिला येतो तो) लोगो नाही, काही नाही. पंखे फिरतायत. कार्डाला वास येतोय का ते पण बघून झालं. एचडीएमआय लावली की सगळं ठीक. कार्ड उडालं का??

पिक्सेल_पांडू:
उडालं असतं तर एचडीएमआयवर तरी कसं दिसलं असतं :) डीपीवर ठेव, चालू कर आणि दोन मिनिटं काही न करता थांब. लॉगिन स्क्रीन आली तर समजायचं काय ते. त्या पिढीच्या कार्डांचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलंच सॉफ्टवेअर) डीपी १.३ नि १.४ वाल्या मॉनिटरशी सुरुवातीला नीट बोलत नाही, विंडोजचा ड्रायव्हर लोड झाला की मग चित्र येतं. दोन उपाय. मॉनिटरच्या मेनूत डीपी व्हर्जन असेल तर १.२ कर, तुझं कार्ड तसंही १.२ चंच आहे, १०८०पी ला काही कमी पडत नाही. तो पर्याय नसेल तर एनव्हिडियाच्या साइटवर याचसाठीचं फर्मवेअर अपडेट टूल आहे, ते एचडीएमआय लावून चालव आणि चालू असताना पीसी बंद करू नकोस. मी असतो तर आधी मेनूच बघितला असता, फर्मवेअरला उगाच हात कशाला.

जुनाच_डबा:
थांबलो तर खरंच लॉगिन आलं! मेनूत १.२ केलं, आता लोगोपासून सगळं दिसतंय आणि १६५ पण आलं. एकच राहिलं, मॉनिटरचं फ्रीसिंक (एफपीएसप्रमाणे हर्ट्झ आपोआप बदलतं ते) चालू केलं तरी कंट्रोल पॅनलमध्ये त्याचा पर्यायच नाही.

केबलवाला_काका:
ते ९६० ला मिळणार नाही. तसल्या मॉनिटरना एनव्हिडियाने जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून सपोर्ट दिला, पण जीटीएक्स १० सिरीज आणि पुढच्या कार्डांनाच. तू असं कर, जड गेमला मॉनिटर १४४ वर ठेव, व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावरच दाखवणं) चालू आणि एफपीएस ७२ वर लॉक, म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसेल, हिसके बसणार नाहीत. १६५ च ठेवायचं असेल तर ५५, म्हणजे प्रत्येक फ्रेम तीनदा. सत्तर-नव्वदमध्ये उड्या मारणाऱ्या एफपीएसपेक्षा हे डोळ्याला कितीतरी बरं.

जुनाच_डबा:
७२ वर लॉक केलं, ग्राफिक्स मीडियमवर आणलं, मस्त चालतंय. @रात्रपाळी नवीन गेम अजून धापा टाकतातच, ते तुझं बरोबर होतं. मित्राची केबल मात्र आता परत देणार नाही.