जुन्या हत्यारांवर सुतारकाम : छंद की नुसती घासाघीस?

रिकामटेकडा :
माझं स्पष्ट मत, ज्याला हौस म्हणून सुतारकाम करायचंय त्याने नवीन हत्यार घेऊच नये. माझा पहिला रंधा सेकंडहँड, लोखंडी, चार नंबर मापाचा, पातं इतकं गंजलेलं की दोन इंच रुंद आहे हेही नीट दिसेना. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढला, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून बूड घासलं, पात्याला धार लावली आणि मग फळीवर चालवला तर असा सर्रर्र आवाज करत कांद्याच्या सालीएवढा पातळ कीस गुंडाळत वर आला की मी अर्धी फळी उगाचच तासून टाकली. विकत घेतलेल्या नव्या रंध्यात ही गंमत नाही.

चौथा_पाय :
गंमत तुम्हाला, कारण तुमचा रंधा चालला. माझा नाही चालला. लाकूड फाडायचा, कीस तोंडाशी, म्हणजे पातं बाहेर येतं त्या खाचेत, अडकायचा. आता नवशिक्याला कळणार कसं की चूक धारेची, बुडाची, लाकडाची रेषा उलटी म्हणून की हाताची? चार रविवार गेले. शेवटी कळलं की पात्यावर जी दुसरी पट्टी बसते ती पात्याला नीट टेकतच नव्हती, त्या फटीत कीस शिरत होता. स्टूल करायचं होतं हो मला, ते राहिलंच. ज्याने धारदार हत्यार कधी हातात धरलेलंच नाही त्याला बोथट म्हणजे काय हे कसं कळावं? आधी एक चांगलं नवं घ्या, मग जुन्याच्या नादी लागा.

रिकामटेकडा :
पण त्या चार रविवारांत रंधा कळला ना तुम्हाला? 😄 आणि लेनर्ड बेली या माणसाची रंध्याची पेटंट स्टॅनली या हत्यारांच्या कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली, आजचे साधे लोखंडी रंधे बरेचसे त्याच रचनेचे. एक उघडून बघितला की बाकीचे समजतात.

भुसाभाऊ :
दोघेही मशीन घ्या की. दहा मिनिटांचं काम.

रिकामटेकडा :
मशीनची कानठळी आणि धूळ कोण सोसणार? लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ लाच जाहीर केलंय. रंध्याचा कीस आपला जमिनीवर पडतो, झाडू मारला की झालं.

भुसाभाऊ :
आणि शेवटी हाताने पॉलिश पेपर मारता तेव्हा काय फुलं उडतात? मास्क तुम्हालाही लागतोच. मशीनला निदान धूळ ओढणारा पाइप तरी लावता येतो.

करवतीण :
'जुनं' म्हणून सगळं एकाच मापाने कशाला मोजताय? पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं हत्यार, जुनी बिनधास्त घ्या, फक्त उलटी करून सपाट पाठ बघा, धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडा, कारण धार दोन बाजू मिळून होते आणि खड्डा तिथे पोचला की धार तुटकीच राहणार. टोकाला निळसर झाक दिसली तर ग्राइंडरवर तापवलेली असू शकते, पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असेल तर धार टिकत नाही. रंधा घेताना तोंडाजवळ तडा बघा. करवतीचं मात्र उलटं आहे. जुनीचे दात कानसता येतात हे खरं, पण दात एकाआड एक डावी-उजवीकडे सारखे वाकवणं नवशिक्याचं काम नाही. बऱ्याच नवीन करवतींचे दात टोकाला इतके कडक केलेले असतात की कानस नुसती घसरते, पण पहिल्या दिवसापासून कापते तरी. मी पटाशा जुन्या आणि करवत नवी वापरते, काही बिघडलं नाही.

चौथा_पाय :
करवतीणताई, हे आधी सांगितलं असतं तर स्टूल झालं असतं. @रिकामटेकडा, एक विचारू? तो रंधा चालू झाल्यापासून बनवलं काय?

रिकामटेकडा :
एक मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा. आणि एक पेटी.

चौथा_पाय :
पेटीत काय ठेवता?

रिकामटेकडा :
...हत्यारं. पण झाकण असं बसतं की लावताना आतली हवा फुस्स करून बाहेर येते.