मदत हवी आहे: बकऱ्याच्या काळजात पाण्याच्या पिशव्या, मटण खायचं का?

शिवारकर, सकाळी ७:४०
आमचं गाव बेळगावकडचं. आज पोराचं जावळ. बाराला चाळीस माणसं पंगतीला. बकरं कापलं तर काळजात लिंबाएवढ्या पांढऱ्या पिशव्या, सुरी लागली की स्वच्छ पाणी उडालं. फुप्फुसातही एक. खाटीकमामा म्हणतात तेवढं काढून टाका. बायको चूल पेटवू देत नाही. चालेल का? आणि हे तपासायचं काम कुणाचं? लवकर सांगा.

सीमेवरची_ताई
कुठं कापलं, कत्तलखान्यात की दारात? महापालिका की पंचायत? मांसावर शिक्का होता का?

कागलचा_पाहुणा
सरळ अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आमच्याकडे गाडी येते.

सीमेवरची_ताई
पाहुणे, ते महाराष्ट्रात. बेळगावात अन्न सुरक्षा अधिकारी आरोग्य खात्याखाली असतात. अन्न सुरक्षा कायदा दोन्हीकडे २००६चाच.

कागलचा_पाहुणा
मग अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागणार ना? मराठीत दिला तर पोच देतात का?

सीमेवरची_ताई
माझा मराठी अर्ज दोनदा परत आला. पण आत्ता त्यांच्या दारात माणसं यायचीत, ते बघू या.

ब्रॉयलर_खानापूर
मी दहा वर्षं जावळाला कोंबडीच करतो. कटकट नाही. शंभर माणसांचा हिशेब हवा असेल तर सांगतो.

निवृत्त_पशुवैद्य
या हायडॅटिड गाठी वाटतात, म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या जंताच्या अळ्यांच्या पिशव्या. बकरं खंगलेलं होतं का? मांस पाणथळ, पिवळसर आहे का? नसेल तर काळीज आणि फुप्फुस अख्खं काढा, नुसत्या पिशव्या नव्हे. बाकीचं नीट शिजवून खाता येतं. मटण खाऊन हा रोग होत नाही. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतल्या या जंताच्या अंड्यांमुळे. काढलेलं कुठं टाकलं?

शिवारकर, ८:२५
दारातच कापलं, पंचायतीत. गावात कत्तलखानाच नाही, शिक्का कसला! मांस लालभडक आहे. एक तुकडा भाच्यानं शेजारच्या कुत्र्यापुढं टाकला.

निवृत्त_पशुवैद्य
हेच व्हायला नको होतं. त्याच्या पोटात जंत वाढून महिना-दीड महिन्यात अंडी पडू लागतात, आणि त्याच अंगणात पोरं रांगतात. आजच जनावरांच्या डॉक्टरांकडून कुत्र्याला प्राझिक्वान्टेल, म्हणजे जंताचं औषध, द्या. उरलेलं खोल पुरून वर चुना टाका.

कागलचा_पाहुणा
म्हणजे आधीच डॉक्टरला दाखवलं असतं तर कळलं असतं.

निवृत्त_पशुवैद्य
नाही हो. ताप, लाळ, लंगडणं जिवंतपणी दिसतं. या गाठी पोट उघडल्यावरच दिसतात, म्हणून कत्तलखान्यात कापण्याआधी आणि कापल्यावर असं दोनदा तपासतात. २००१च्या कत्तलखाना नियमांत एका डॉक्टरनं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं बघू नयेत असं आहे, पण ते कापण्याआधीच्या तपासणीसाठी.

शिवारकर, ९:०५
कुत्रं बांधून घातलंय. खड्डा गुडघाभर झाला, अजून खणतोय. चूल पेटली. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, आज फोन करून विचारतो, यात्रेआधी गावात डॉक्टर बसवता येईल का. यात्रेला दारोदारी बकरी कापतात, आणि सगळं कुत्र्यांपुढंच जातं.

सीमेवरची_ताई
फोनसोबत अर्जही द्या. मी दोन्ही भाषांत लिहून देते, गावाचं नाव कळवा.