मदत हवी आहे: ऑस्करच्या यादीत दोन रकाने अजून रिकामे

मंडळी, २०२५च्या ऑस्करचा निकाल ३ मार्चला, सोमवारी पहाटे. मित्रांकडे अंदाजांची यादी रविवारी द्यायचीय आणि मी दोन ठिकाणी अडकलोय.

पहिलं, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. डेमी मूरकडे गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस (समीक्षकांचा) आणि सॅग (अमेरिकन अभिनेत्यांच्या संघटनेचा), तिन्ही पुरस्कार आहेत. बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मात्र 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनने नेला. कागदावर मूरच पुढे, पण माझं मन ब्राझीलच्या फर्नांडा टोरेसवर जडलंय. 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'मध्ये तिच्या नवऱ्याला लष्करी राजवटीने उचलून नेलंय, मासिकाच्या फोटोग्राफरला चेहरे गंभीर हवेत, आणि ही बाई पोरांना म्हणते, हसा! त्या हसण्यातला ताठा बघून मी गलबललो. टोरेसची आई फर्नांडा मॉन्टेनेग्रो, तिलाही याच दिग्दर्शकाच्या, वॉल्टर सॅलेसच्या सिनेमासाठी १९९९ साली नामांकन होतं. यंदा मला यापेक्षा उत्तम काम दिसलं नाही. पण मतदारांना ते दिसेल का?

दुसरं, सर्वोत्कृष्ट चित्रपट. निर्माते आणि दिग्दर्शक, दोन्ही गिल्डचे (संघटनांचे) पुरस्कार 'अनोरा'ला. बाफ्टा आणि सॅगचा कलाकारसंचाचा पुरस्कार 'कॉन्क्लेव्ह'ला. इथे मतं पसंतीक्रमाने मोजतात, म्हणजे अनेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असणाराही वर सरकतो. 'कॉन्क्लेव्ह' कुणालाच फारसा नावडलेला नाही, म्हणून धाकधूक. तरी 'अनोरा'च लिहू का?

आणि लघुपटांपैकी मी फक्त दिल्लीतली 'अनुजा' पाहिलीय. बाकीचे चार कुणी पाहिले असतील तर तिची कितपत आशा धरावी, तेही सांगा.